डॉ. कोटणीस : परतीची वाट न धरलेले शल्यविशारद

रायपूर : व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट १९४६ साली प्रदर्शित झाला. परदेशातील रणभूमीवर सेवा करणाऱ्या भारतीयांची ही कथा घरोघरी पोहोचली. मात्र तिचे खरे नायक डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस त्याआधी चार वर्षांपूर्वीच चीनच्या मातीत विसावले होते.

सोलापूर येथे १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या द्वारकानाथांनी मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर १९३८ मध्ये चीनच्या विनंतीवरून राष्ट्रीय काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरविले. सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते. पथकात पाच डॉक्टर होते : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. यांपैकी डॉ. चोळकर नागपूरचे, म्हणजे रायपूर ज्या मध्य प्रांतात मोडत असे, त्याच्या राजधानीचे. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई बंदरातून बोटीने ते रवाना झाले.

१९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनमध्ये आठव्या मार्ग सेनेसोबत आघाडीवर गेले. औषधांचा तुटवडा, डोंगराळ वाटा आणि हल्ल्याचे भय यांतच शस्त्रक्रिया कराव्या लागत. १९४० च्या एका मोहिमेत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी त्यांनी परतीची वाट धरली नाही. त्यांचे सहकारी पुढे टप्प्याटप्प्याने मायदेशी परतले. त्यांना मात्र चिनी भाषा अवगत झाली होती आणि जखमींना सोडून जाणे त्यांच्या मनाला पटेना.

१९४१ मध्ये कॅनडाचे दिवंगत शल्यविशारद नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी ते विवाहबद्ध झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या पुत्राचे नाव ‘यिनह्वा’ ठेवण्यात आले. त्यातील एक अक्षर भारताचे, दुसरे चीनचे.

अपस्माराचे झटके वाढत असतानाही त्यांनी काम थांबविले नाही. अखेर ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

पडद्यावर शांतारामांनी कोटणीसांची, तर जयश्री यांनी त्यांच्या पत्नीची भूमिका साकारली. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे आणि सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. तलवार न उचलता युद्धात प्राण वेचणाऱ्या या डॉक्टरांचे स्मरण दोन्ही देश आजही करतात.