जोसेफ डाल्टन हूकर

सर जोसेफ डाल्टन हूकर (३० जून १८१७ – १० डिसेंबर १९११) हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ, प्रवासी व वनस्पतिभूगोलाचे एक आद्य अभ्यासक होते. दक्षिण ध्रुवीय समुद्रातील बेटांच्या वनस्पतींवर त्यांनी पहिला विस्तृत ग्रंथ लिहिला. भारतात मात्र ते ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सात खंडांच्या ग्रंथामुळे अधिक परिचित आहेत. हजारो किलोमीटरच्या समुद्राने विलग झालेल्या भूमींवर एकच वनस्पती कशी आढळते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळला.

बालपण व शिक्षण

हूकर यांचा जन्म इंग्लंडमधील सफोक परगण्यात हेल्सवर्थ येथे झाला. वडील विल्यम जॅक्सन हूकर हे १८२० पासून ग्लासगो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते व मॉस, म्हणजे पावसाळ्यात जुन्या भिंतींवर मखमलीसारखी पसरणारी शेवाळी, हा त्यांचा खास विषय होता. आजोबा (आईचे वडील) डॉसन टर्नर यांनीही मॉसवर ग्रंथ लिहिला होता. लहानगा जोसेफ एकदा ग्लासगोतील एका कळकट भिंतीत काहीतरी उकरत होता. काय करतोस असे विचारताच, आपल्याला ब्रायम अर्जेन्टियम हे रुपेरी मॉस सापडल्याचे त्याने सांगितले. ती ओळख चुकीची होती, हे हूकर यांनीच पुढे कबूल केले. हे मॉस शहरांतील भिंतींवर व फरसबंदीत जगभर आढळते आणि अंटार्क्टिकातही उगवते.

कॅप्टन कुक यांच्या प्रवासवर्णनातील केर्गेलेन बेटाचे चित्र त्यांनी आजोबांच्या मांडीवर बसून पाहिले होते. त्यातील कमानीसारखा खडक व पेंग्विन त्यांच्या कायम लक्षात राहिले. १८३९ मध्ये ग्लासगो येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. नाविक दलात शिरण्यासाठी, आणि त्यायोगे प्रवासासाठी, ती आवश्यक होती.

दक्षिण ध्रुवीय सफर (१८३९–१८४३)

जेम्स क्लार्क रॉस यांच्या नेतृत्वाखाली एरेबस व टेरर ही दोन शिडाची जहाजे दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या शोधात निघाली. हूकर एरेबसवर साहाय्यक शल्यचिकित्सक होते. मे १८४० मध्ये जहाजे केर्गेलेनला पोहोचली व जुलैपर्यंत तेथे थांबली. दक्षिण गोलार्धात हे हिवाळ्याचे दिवस. जमीन गोठलेली असल्याने हूकर मॉसचे व दगडफुलांचे झुबके हातोड्याने फोडून काढत, किंवा त्यांवर बसून अंगाच्या उबेने बर्फ वितळण्याची वाट पाहत. (गोडा मसाल्यात पडते तेही दगडफूलच, कवक व शैवल यांच्या सहजीवनातून ते बनते.) या बेटावर त्यांनी १८ सपुष्प वनस्पती, ३५ मॉस व यकृतका, २५ दगडफुले आणि ५१ शैवले नोंदविली. कुक यांच्या जहाजावरील वैद्य अँडरसन यांच्या नोंदीत नसलेल्या अनेक जाती त्यांत होत्या.

येथील केर्गेलेन कोबी (प्रिंगलिया अँटिस्कॉर्ब्युटिका) ही मोहरीच्या कुलातील वनस्पती खलाशांना ताजी भाजी म्हणून मिळाली आणि स्कर्व्ही या रोगापासून त्यांचे रक्षण झाले. मोहरीच्या कुलात परागण बहुधा कीटकांकरवी होते; या कोबीचे मात्र वाऱ्याने होते. सतत सोसाट्याचा वारा वाहणाऱ्या या बेटावरचे अनेक कीटक पंख गमावून बसले आहेत.

जानेवारी १८४३ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या कॉकबर्न बेटावर त्यांना १९ जाती मिळाल्या. त्या सर्व मॉस, दगडफूल व शैवल या गटांतील होत्या; फुलणारी एकही नव्हती. आजही अंटार्क्टिका खंडावर मूळच्या सपुष्प वनस्पती दोनच आहेत, एक गवत व एक गादीसारखी वाढणारी छोटी वनस्पती, तर मॉसच्या जाती शंभराहून अधिक आहेत. मॉसला खरी मुळे नसतात. ते पूर्ण वाळून निपचित पडते आणि बर्फ वितळून पाणी मिळताच पुन्हा हिरवे होते.

डार्विन यांच्याशी मतभेद

परतल्यावर हूकर यांनी सफरीतील वनस्पतींवर १८४४ ते १८६० या काळात सहा खंड प्रसिद्ध केले. मॉसच्या वर्णनात विल्यम विल्सन यांचे साहाय्य होते. दक्षिण अमेरिका, केर्गेलेन, न्यूझीलंड व टास्मानिया यांच्या वनस्पतींत साम्य पाहून, या भूमी पूर्वी जोडलेल्या असाव्यात व मधला भाग बुडाला असावा, असे त्यांनी मानले. केर्गेलेनवर सापडलेल्या अश्मीभूत लाकडाने या मताला बळ दिले. आज झाड नसलेल्या त्या बेटावर एकेकाळी वन होते.

चार्ल्स डार्विन यांना हे पटले नाही. समुद्रप्रवाह व पक्षी बिया दूरवर नेतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते तपासण्यासाठी त्यांनी बिया खाऱ्या पाण्यात भिजवून ठेवल्या. वाद वर्षानुवर्षे चालला, तरी मैत्री तुटली नाही. जाती बदलतात हा आपला विचार डार्विन यांनी जानेवारी १८४४ मध्ये हूकर यांनाच पत्राने कळविला होता. १ जुलै १८५८ रोजी डार्विन व वॉलेस यांचे लेखन लिनियन सोसायटीपुढे आणण्यात लायेल यांच्यासह हूकर यांचा पुढाकार होता.

पुढील संशोधनाने दोघांनाही थोडे थोडे बरोबर ठरविले. खंड बुडाले नव्हते, पण दक्षिणेकडील भूमी एकेकाळी खरोखर जोडलेल्या होत्या व नंतर दूर सरकल्या. मॉसचे धुळीसारखे बीजाणू मात्र वाऱ्यावर समुद्र ओलांडू शकतात.

सिक्कीम व हिमालय

१८४८ मध्ये हूकर भारतात आले व दार्जिलिंगहून सिक्कीममध्ये फिरले. तेथील अत्युच्च खडकांवर त्यांना केशरी-लाल दगडफूल दिसले. तेच त्यांनी कॉकबर्न बेटाच्या कड्यांवर पाहिले होते.

सिक्कीम दरबाराचा विरोध असताना ते तिबेटच्या हद्दीत गेले. नोव्हेंबर १८४९ मध्ये त्यांना व कॅम्पबेल या ब्रिटिश अधिकाऱ्याला अटक झाली आणि डिसेंबरमध्ये सुटका झाली. त्याची किंमत सिक्कीमने मोजली: ब्रिटिशांनी राज्याचा दक्षिणेकडील भाग घेतला व राजाचे वार्षिक अनुदान बंद केले. हूकर यांच्या प्रवासवर्णनात लेपचा मदतनीस वारंवार भेटतात. नव्या ऱ्होडोडेंड्रॉनना मात्र डलहौसी, फाल्कनर, हॉजसन अशी नावे मिळाली.

आर्क्टिक वनस्पती

उत्तर ध्रुवीय प्रदेशावरील त्यांच्या निबंधात ७६२ सपुष्प वनस्पतींचा विचार आहे. ग्रीनलंड वनस्पतींच्या बाबतीत इतके दरिद्री का, याचे त्यांनी दिलेले उत्तर साधे आहे. हिमयुगात इतर भूमींवरील वनस्पती दक्षिणेकडे सरकल्या व उब येताच परतल्या. ग्रीनलंडच्या दक्षिणेस समुद्र असल्याने तेथील वनस्पतींना सरकायला जागाच नव्हती.

भारतीय वनस्पतींवरील कार्य

१८६५ ते १८८५ या काळात हूकर क्यू येथील राजकीय वनस्पती उद्यानाचे संचालक होते. १८७३ ते १८७८ या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्षही होते. फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया हा ग्रंथ १८७२ पासून १८९७ पर्यंत निघत राहिला. सह्याद्रीतील सिरोपेजिया लॉई या कंदीलपुष्पासारख्या अनेक नावांपुढे दिसणारे ‘हुक. एफ.’ हे संक्षिप्त रूप त्यांचेच, त्यातील ‘एफ.’ म्हणजे पुत्र. ग्रंथातील स्थळनिर्देश फार ढोबळ आहेत. कोकण वेगळे ओळखू येते, पण त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेला परभणीसारखा मुलूख ‘दख्खन’ या एका शब्दात सामावतो. मराठवाड्याच्या वनस्पतींवरील व्ही. एन. नाईक यांचा ग्रंथ शतकानंतर, १९९८ मध्ये आला.

अखेरची वर्षे

उतारवयात हूकर यांनी तेरड्याच्या प्रजातीचा अभ्यास हाती घेतला व नव्वदी ओलांडल्यावरही ते वाळविलेली नाजूक फुले भिजवून तपासत राहिले. सनिंगडेल येथील घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. क्यू येथील सेंट ॲन चर्चच्या आवारात, वडिलांच्या शेजारी, त्यांचे दफन करण्यात आले.