प्रकाशचिकित्सेचा जनक

नील्स फिन्सेन (१८६०–१९०४) या डॅनिश वैद्यकशास्त्रज्ञाने प्रकाशालाच औषध मानले. केंद्रित जंबुपार किरणांनी त्वचेचा क्षय बरा करून दाखविल्याबद्दल १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. पुढल्याच वर्षी दीर्घ आजाराने त्यांचा अंत झाला. देवीसारख्या विषाणुजन्य रोगात मात्र हेच किरण अपायकारक ठरतात, असे मानून त्यांनी रोग्यांस तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याचा उपाय १८९३ मध्ये सुचविला. तो टिकला नाही. मुंबईत १८०२ सालीच पोहोचलेल्या लसीनेच अखेर देवीचे उच्चाटन केले. २०२० च्या महासाथीत जंबुपार दिव्यांवर पुन्हा आशा खिळली. परंतु हे किरण वस्तूंवरील विषाणू मारतात. देहात शिरलेल्यांपर्यंत ते पोहोचत नाहीत. एका रोगावरील यश दुसऱ्या रोगावरील पुरावा होत नाही, हाच फिन्सेन यांच्या चरित्राचा बोध होय.