शिरोडकरांचा टाका

प्रभादेवीच्या आमच्या चाळीत मला लहानपणी टाक्याची पोर म्हणत. आई शेजारणींचे ब्लाउज शिवून देई, त्यावरून हे नाव पडलं असावं, असा माझा बरीच वर्षं समज होता. आईच्या उजव्या मांडीवर बाहेरच्या अंगाला एक लांब पांढरट व्रण होता. विचारलं की ती इस्त्रीचा चटका म्हणून सांगे. खरी हकीकत कळली ती १९८७ साली, मला पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा.

माझ्याआधी आईचे दोन गर्भ गेले होते. दोन्ही पाचव्या महिन्यात आणि फारशा कळा न येता. प्रभादेवीच्या जत्रेत नवस बोलून झाला, सिद्धिविनायकाचे मंगळवार झाले. त्यांच्याबरोबर ठपकाही आलाच. हिनं नळावरून हंडे आणले, ही जिने धावत चढली, हिच्या अंगातच काही नाही. आईचाही त्या ठपक्यावर विश्वास बसला होता, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. तिसऱ्या खेपेला, १९६१ साली, परळच्या एका डॉक्टरीणबाईंनी चौथ्या महिन्यातच तिच्या मांडीतली एक पट्टी काढून तिनं गर्भाशयाचं तोंड बांधलं. मी पूर्ण दिवसांची जन्मले.

ज्यांच्या नावानं हा टाका जगभर ओळखला जातो, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर गोव्याचे. जन्म १८९९ सालचा, शिरोड्याचा. (खांडेकर जिथं मास्तर होते ते शिरोडं वेगळं, वेंगुर्ल्याजवळचं. हे फोंड्याकडचं.) वैद्यकीचं शिक्षण मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२७ साली प्रसूतिशास्त्रात एम.डी., १९३१ साली इंग्लंडची एफ.आर.सी.एस. पुढे ते ग्रँटमध्येच प्राध्यापक झाले.

चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान पुन्हापुन्हा मूल गमावणाऱ्या काही स्त्रिया त्यांच्या नजरेत भरल्या. अशा बाईला तेव्हा अंथरुणावर पडून राहायला सांगत, संप्रेरकांची इंजेक्शनं देत. या स्त्रियांना त्यातल्या कशाचाच गुण येत नव्हता. शिरोडकरांनी त्यांच्या आधीच्या हकीकती आणि प्रत्यक्ष तपासणी यांची सांगड घातली. गर्भाशयाचं तोंड प्रसूतीपर्यंत घट्ट मिटलेलं राहावं लागतं. या स्त्रियांत ते मधेच, न दुखता, हळूहळू उघडत होतं. कधी आधीच्या बाळंतपणात किंवा क्युरेटिंगमध्ये झालेल्या इजेमुळे, कधी जन्मतःच ते कमकुवत असल्यामुळे. मूल चांगलं असे, आईचं रक्तही चांगलं असे. दार तेवढं कच्चं.

मग दार बांधायचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट आवरण असतं. शिरोडकरांनी बाईच्याच अंगातली त्या आवरणाची पट्टी घेतली. पुढून मूत्राशय थोडा वर सारायचा, मागूनही जागा करायची आणि तोंडाच्या जितकं वर जाता येईल तितकं जाऊन ही पट्टी भोवती गुंडाळून बांधायची. परक्या धाग्यापेक्षा स्वतःचंच ऊतक शरीर सांभाळून घेईल, हा त्यामागचा हिशेब. नंतर मांडीला हात लावायची गरज उरली नाही, कृत्रिम धाग्याची फीत आली. १९५५ साली मद्रासच्या अँटिसेप्टिक या मासिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि पाहतापाहता ती युरोप-अमेरिकेत पोचली. १९५७ साली मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्डनी बटव्याच्या नाडीसारखा एक सोपा टाका मांडला. आज तोच जास्त घातला जातो. सोपं ते चालतं, शस्त्रक्रियेतही.

मला मात्र शिरोडकरांचं दुसरं काम तितकंच मोलाचं वाटतं. लागोपाठची बाळंतपणं आणि जड कामं यांनी अंग बाहेर आलेल्या बायका आमच्या गिरणगावात घरोघर होत्या, पण बोलत कोणी नसे. या दुखण्यावरच्या जुन्या मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयाचं तोंडच कापून टाकत. तरुण बाईला त्यानंतर मूल राहणं वा टिकणं अवघड होई. शिरोडकरांनी तोंड शाबूत ठेवलं आणि गर्भाशयाला मागून धरणारे बंध पुढे आणून आधार दिला. जिला अजून मूल हवं आहे तिचा विचार सुरी हातात घेण्याआधीच केला होता. बंद पडलेल्या गर्भनलिकांवरच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी लक्ष घातलं. १९६० साली त्यांचं पुस्तक एडिंबरोहून निघालं, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७१ साली पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी ते गेले.

टाक्याचं कौतुक करताना एक सांगायला हवं. पुढे तो सरसकट घातला जाऊ लागला, गरज नसलेल्यांनाही. १९९३ साली बारा देशांतल्या १,२९२ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांचीच द्विधा होती अशा या स्त्रिया, आणि त्यांत साधारण पंचविसातल्या एकीलाच फायदा दिसला. तीन-तीनदा मूल गमावलेल्यांत तो अधिक स्पष्ट होता. आता सोनोग्राफीनं त्या भागाची लांबी मोजून ठरवता येतं. थोडक्यात, शिरोडकरांनी ज्या स्त्रियांसाठी टाका काढला त्यांच्याच तो खरा उपयोगाचा.

मला टाक्याची गरज पडली नाही. आईनं त्या दुपारी साडी जरा वर करून व्रण नीट दाखवला, त्यावरून माझं बोट फिरवू दिलं. आजी तोवर गेली होती. तिला हे कारण कधी कळलं का, म्हणून मी विचारलं. आई हसली. आजीला सगळं ठाऊक होतं, डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून समजावलं होतं. माझ्या बारशाला तिनंच चाळभर पेढे वाटले. हंड्यांचा विषय मात्र शेवटपर्यंत सोडला नाही.