रँडच्या हत्येला टिळक जबाबदार होते का? काय आहे वऱ्हाड कनेक्शन?

पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. आठवडाभर आधी ‘केसरी’त अफजलखान वधाचं समर्थन छापून आलं होतं. त्यामुळे चिथावणीचं बोट लोकमान्य टिळकांकडे वळलं. त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली; पण राजद्रोहासाठी, खुनाचा आरोप नव्हताच.

डिसेंबरमध्ये अमरावतीत काँग्रेस अधिवेशन भरलं, तेव्हा टिळक तुरुंगात होते. स्वागताध्यक्ष होते त्यांचे स्नेही दादासाहेब खापर्डे.

१९०८ मध्ये टिळक अकोल्यात शिवजयंतीला आले. त्यानंतर जूनमध्ये बॉम्बस्फोटावरील लेखांसाठी अटक, ६ वर्षांची शिक्षा. अपिलासाठी खापर्डे लंडनला गेले.

दोन्ही वेळा शिक्षा झाली ती लेखांबद्दल. गोळीचा हिशेब कायद्यानं झाडणाऱ्याकडेच मागितला.