खोक्यावरचे नाव : डॉ. हाफकिन



मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाला विंचू चावला. आमच्याकडे त्याला इचू म्हणतात. मायने चुलीसाठी पऱ्हाट्या आणायला सांगितल्या होत्या. त्याने ढिगात हात घातला अन् एकदम किंचाळला. आबाजींनी काठीने ढीग उसकला तर तांबडा इचू निघाला. आजी कांदा चोळायला लागली. शेजारी म्हणाले, मंत्र घालणाऱ्याला बोलवा. पण थोड्याच वेळात भावाचा सदरा घामाने भिजला, ओकाऱ्या सुरू झाल्या आणि हातपाय मडक्यासारखे गार पडले. बाबांनी मंत्रवाल्याची वाट पाहिली नाही. त्याला गाडीवर घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं आणि तिथून रात्रीच नागपूरला मेडिकलमध्ये. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. बाबांच्या खिशात इंजेक्शनचं रिकामं खोकं होतं. त्यावर नाव होतं हाफकिन.

मला वाटलं, हे कंपनीच्या शेठचं नाव असेल. भाऊ म्हणे एसटीत हाफ तिकीट असतं तसं हे हाफकिन. मी खोकं गुरुजींना दाखवलं. त्यांनी पुष्कळ सांगितलं आणि कपाटातलं एक पुस्तकही वाचायला दिलं. त्यावरून मी हे लिहीत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म सन १८६० मध्ये ओडेसा या शहरी झाला. तेव्हा ते रशियात होते, आज युक्रेनमध्ये आहे. ते ज्यू होते आणि त्या काळी रशियात ज्यू माणसाला शिक्षण असूनही मोठी जागा मिळत नसे. म्हणून ते देश सोडून गेले. सन १८८९ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले, तर तिथं ग्रंथालयातलीच जागा रिकामी होती. त्यांनी तीच घेतली. पुस्तकं सांभाळून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसत. तिथं त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले, कारण कॉलऱ्याने माणसं इथं लय मरत होती.

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. काखेत, जांघेत गाठी येत आणि माणूस दोन-चार दिवसांत जाई. लोक गावं सोडून रानात झोपड्या बांधून राहत. हाफकिन यांना मुंबईला बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली मिळाली, सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली!

ती कशी केली हे मला फार आवडलं. बकऱ्याच्या मटणाच्या रश्शात ते प्लेगचे जंतू वाढवत. रश्शावर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत. मग ते तापवून मारून टाकायचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला दुश्मनाची ओळख पटते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचली. ताप आला, अंग दुखलं. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना त्यांच्या मर्जीने दिली. लोक सुईला घाबरत, म्हणून आगाखान यांनी सर्वांसमोर टोचून घेतलं.

सन १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. सगळं चांगलं चाललं होतं. पण सन १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढं असं निघालं की गावात बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट स्वच्छ न करता तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस यांनीही हाफकिन यांची बाजू घेतली. सन १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांना कोलकात्याला पाठवलं. मला हे वाचून राग आला. पाच वर्षं! पण त्या १९ घरांचंही मनात येतं, त्यांना तर काहीच परत मिळालं नाही.

सन १९२५ मध्ये परळच्या त्याच संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं. पाच वर्षांनी, १९३० मध्ये, ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सन १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

विंचवाचं औषध हाफकिन यांनी शोधलेलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण मलाही आधी तसंच वाटलं होतं. ते त्यांच्या नावाच्या संस्थेतून पुढं पुष्कळ वर्षांनी आलं. आपल्या नसांना सोडियमची बारीक दारं असतात. तांबड्या विंचवाचं विष ती दारं नीट मिटू देत नाही. बटण अडकून दिवा जळतच राहावा तशा नसा पेटून राहतात. म्हणून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. औषधासाठी विंचवाला विजेचा हलका झटका देऊन नांगीतलं विष काढतात आणि घोड्याला अगदी थोडं थोडं टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं. ते काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. लस आधी टोचायची, हे चावल्यावर. पण दुश्मनाची ओळख करून देण्याची युक्ती एकच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग दाखवला, ती हृदयाचा ताण कमी करते. भावाला सुई आणि गोळी दोन्ही दिलं, असं बाबा सांगतात.

आता पऱ्हाट्या काढताना भाऊ आधी काठी आपटतो. अन् हाफ तिकीट म्हणत नाही.

ते खोकं या कागदाच्या खाली चिकटवलं आहे. हात लावू नका, डिंक ओला आहे.