अदृश्य सोन्याचे कण मोजणारे झिग्मोंडी

चारठाण्याच्या एखाद्या जुन्या दगडी मंदिरात उन्हाची तिरीप शिरली, की एरवी न दिसणारी धूळ चमकू लागते. धुळीचा कण मोठा झालेला नसतो. त्याच्यावरून विखुरलेला प्रकाश काळोखामुळे डोळ्यांना जाणवतो, इतकेच. याच तत्त्वावर रिचर्ड झिग्मोंडी यांनी नॅनोकण मोजले.

झिग्मोंडींचा जन्म १८६५ साली व्हिएन्नात झाला. वडील दंतवैद्य, ते वारले तेव्हा रिचर्ड पंधरा वर्षांचे होते. रसायनशास्त्र शिकून १८९७ मध्ये ते जर्मनीतील येना येथे शॉट यांच्या काच कारखान्यात लागले. सोन्याचा अंश घातलेली काच माणकासारखी लाल दिसते. सोन्याच्या अशाच रंगीत द्रवांत सोने विरघळलेले असते की कणरूपात तरंगते, यावर वाद होता. प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार लहान कण साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नसत.

१९०० मध्ये नोकरी सोडून झिग्मोंडी या प्रश्नामागे लागले. झाइस कंपनीतील हेन्री सीडेनटोप्फ यांच्या साथीने त्यांनी १९०३ मध्ये अतिसूक्ष्मदर्शक जगापुढे आणला. त्यात प्रखर झोत बाजूने सोडला जाई, आणि सोन्याचे कण ताऱ्यांसारखे लुकलुकत. कणाचा आकार दिसत नसे. म्हणून ठरावीक जागेतले ठिपके मोजायचे, तेवढ्या जागेतल्या सोन्याच्या वजनाला त्या संख्येने भागायचे, आणि त्यावरून एक कण केवढा ते काढायचे. सतत हलणारे हे ठिपके डोळ्यांनी मोजणे मोठे चिकाटीचे काम होते. पुढे ते गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांना रसायनशास्त्राचे १९२५ सालचे नोबेल मिळाले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज दिव्याच्या जागी लेसर आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा आला आहे. लहान कण द्रवात चपळपणे भटकतो, मोठा संथपणे. संगणक प्रत्येक ठिपक्याचा माग काढतो आणि शेकडो कणांची मापे काही मिनिटांत देतो. या वेगाचा संबंध आपल्या आरोग्याशी आहे. कोविडच्या एमआरएनए लसींतील चरबीचे कण साधारण १०० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे असतात. ते एकमेकांना चिकटून मोठे झाले, तर लसीचा गुण कमी होऊ शकतो. म्हणून अशा औषधांतील कणांचे माप तपासावे लागते.