वाल्देमार हाफकिन

वाल्देमार मोर्डेकाई हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ यांच्याकडे शिक्षण घेतल्यावर ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. १८९२ मध्ये पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढील वर्षी ते भारतात आले.

प्लेगची लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. पुढे तो पुणे, सोलापूर अशा शहरांत पसरला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा खोलीत हाफकिन यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली जंतू वाढविले व उष्णतेने मारले. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी स्वतःस टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

जंतूचे वर्गीकरण

येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधलेला हा जंतू दीर्घकाळ पाश्चुरेला पेस्टिस या नावाने ओळखला जाई. व्हान लोगेम यांनी १९४४ मध्ये त्यासाठी येर्सिनिया ही स्वतंत्र प्रजाती सुचविली. ती पुढे एंटेरोबॅक्टेरिएसी कुलात गणली गेली. जीनोमांच्या तुलनेवरून २०१६ मध्ये या विस्तीर्ण कुलाची विभागणी झाली आणि येर्सिनिएसी हे कुल वेगळे करण्यात आले. त्यामुळे जुन्या अहवालांत आजची नावे शोधू नयेत.

मुल्कोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. धनुर्वाताचा जंतू अगदी निराळ्या, क्लॉस्ट्रिडिएसी कुलातील. तो प्राणवायूविना वाढतो आणि त्याचे बीजाणू मातीत तग धरून राहतात. तो बाटलीत प्रयोगशाळेत शिरला की गावात, हाच वादाचा मुद्दा होता. हाफकिन यांनी लशीतील कार्बॉलिक आम्ल वगळले होते, म्हणून संशय त्यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता. शिवाय धनुर्वाताच्या जंतूंची वाढ दुर्गंधी सोडते, आणि उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. हा पुरावा आरंभापासून उपलब्ध असूनही निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली होती. हाफकिन कलकत्त्यास परतले, परंतु मुंबईचे संचालकपद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

परळ येथील प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.